मास्तरांची कात्री कुलपात का असते

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याच्या दुकानातली, कापड कापायची, चांगली वजनदार. हल्ली संध्याकाळ झाली की मला कपाटात घालून कुलूप लावतात. पहिल्यांदा मला फार अपमान वाटला होता. आता वाटत नाही. का, ते सांगते.

लोहाराने मला भट्टीत तापवून, ठोकून घडवले. माझे मालक, शिंपी मास्तर, तेव्हा धंद्यात नवे होते. त्यांनी मला हातात घेऊन नुसते हवेत चालवून पाहिले आणि दुसरी कात्री बघितलीच नाही. आमच्या दुकानाची एक रीत आहे. शिलाई कोणीही करो, कापड बेतणार आणि कापणार ते मास्तरच. त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नका. गिऱ्हाइकांनी मास्तरांच्या हाताचे कौतुक केले की मी मनातल्या मनात फुगायचे.

मास्तरांना एकच मुलगी. लाडाने तिला ठमी म्हणत. दुकानामागेच घर, त्यामुळे माझ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात ती वाढली. तिचा पहिला फ्रॉक मीच कापला. पोर इतकी बोलघेवडी, की माप द्यायला उभी राहिलेली माणसे हसून हसून हलायची आणि मास्तरांचे माप चुकायचे.

ती कॉलेजात जायला लागली आणि काहीतरी बिनसले. आधी ती गप्प झाली. भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस पडून राहायची. तिची आत्या म्हणाली, "लाडावून ठेवलीय, दुसरं काही नाही." मग एकाएकी ठमी उठली, ती थांबेचना. झोप नाही, बोलण्याला खंड नाही. एका सकाळी मास्तर दुकानात येऊन पाहतात तर टेबलावर मी आणि माझ्याभोवती बाह्याच बाह्या. गिऱ्हाइकाच्या कापडाचा अख्खा तागा तिने बाह्यांसाठी कापून टाकला होता.

"बाबा, सगळ्या गावाला नवे कपडे!" ती ओरडली आणि अनवाणी रस्त्यावर धावली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात ती एकेक बाही कोंबत होती. ठमीच्या आईला आधी हसू आले, आणि हसता हसताच रडू कोसळले.

तिला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मला आईच्या तोंडून कळले. या आजाराला बायपोलर म्हणतात. मन कधी फार वर चढते, कधी फार खोल जाते. पोरगी मुद्दाम करत नाही आणि आईबापांचेही काही चुकलेले नाही. गोळ्या रोज द्यायच्या आणि धारदार वस्तू कुलपात ठेवायच्या.

मास्तर उखडले. "कात्री कुलपात ठेवून शिंप्यानं काय करायचं? दातांनी कापू कापड?"

"दिवसा डोळ्यांसमोर ठेवून कापा. काम झालं की माझ्याकडे द्या," आई म्हणाली. तिने कपाटाची किल्ली गळ्यात अडकवली, ठमीलाही कारण सरळ सांगून टाकले. मास्तरांची जीभ मात्र जड झाली. गिऱ्हाइकांनी विचारले की ते म्हणायचे, "अशक्तपणा आहे जरा."

गोळ्यांनी ठमी शांत झाली, पण जडही झाली. हात थरथरायचा. सुईत दोरा ओवता येईना. मास्तरांना ते बघवत नव्हते. पुढे काही महिन्यांनी ती पुन्हा गुणगुणायला लागली, बटणांची काजे करायला दुकानात येऊन बसली. मास्तरांच्या जिवात जीव आला. पोर बरी झाली असे त्यांनी ठरवूनच टाकले आणि आईच्या नकळत गोळ्या बंद केल्या. एवढेच नाही, तर दुकानाची रीत मोडून त्यांनी मला स्वतः तिच्या हातात दिले. आता कुलूप कशाला, म्हणाले.

आई चिडली. "तुम्ही कापडाचं माप घ्या, दुखण्याचं नको."

"तिच्यासमोर कुलूप लावलं की तिला काय वाटत असेल? माणूस आहे ती!"

मित्रांनो, त्या बापाचे प्रेम खोटे नव्हते. पण आजाराला प्रेम कळत नाही. थोड्याच दिवसांत ठमी पुन्हा गप्प झाली, पहिल्यापेक्षा जास्त. मी तशीच टेबलावर.

एका दुपारी आई दोऱ्याची रिळे आणायला गेली होती. बाहेरच्या खोलीत मास्तर एका गिऱ्हाइकाचे कोटाचे माप घेत होते. ठमी टेबलापाशी आली आणि तिने मला उचलले. हात गार पडला होता. मला पाय नाहीत, आवाज नाही. धरणारा हात सांगेल ते करायचे, एवढेच मला येते. त्या दुपारी मला माझ्याच धारेची भीती वाटली. ती किती तरी वेळ तशीच उभी होती.

मग ती बाहेर गेली. गिऱ्हाईक हात वर करून उभे होते.

"बाबा, ही आत ठेवा. आज मला माझीच भीती वाटतेय."

मास्तरांच्या हातातली टेप गळून पडली. ते ओरडतील असे मला वाटले. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला हळूच काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने तिचे मनगट घट्ट धरले. "सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. रिळे घेऊन आई दारात आली, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर हात पुढे केला. "किल्ली दे. गोळ्या मी बंद केल्या होत्या." आईने आधी कपाट उघडले, भांडण नंतरसाठी ठेवले. तिघे तसेच दवाखान्यात गेले.

ठमी बरी झाली असे मी सांगणार नाही. ती अजून खाली जाते, अजून वर चढते. घरात कोणाला स्वस्थ झोप नाही.

मित्रांनो, कुणाच्या घरी असे दुखणे असेल तर आमच्यासारख्यांना खुशाल कोंडून ठेवा. आम्हाला गंज चढला तर धार पुन्हा लावता येते. पण दुखण्याला मात्र कोंडू नका. परवाच एका गिऱ्हाइकाने कुरकुर केली, "काय मास्तर, एवढ्यात कात्री आत?"

कपाटाला कुलूप लावता लावता मास्तर म्हणाले, "मुलीला बायपोलर आहे." या वेळी 'अशक्तपणा' म्हणाले नाहीत. आतल्या खोलीत ठमी जागी होती. तिने ते ऐकले आणि कितीतरी दिवसांनी हाक मारली, "बाबा, जेवायला या."