मधली रेघ

रॉसने अंगठ्याएवढा पुतळा दिव्याखाली धरला आणि त्याच्या गालावरची कणी नखाने खरवडून पाहिली. निघाली नाही. ती निघणार नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं.

“म्हाताऱ्याला देवी आल्या होत्या काय गं?” मागून केव्हने विचारलं. हातात लॅमिंग्टन केक, मिशीवर त्याचं खोबरं.

हॉलमधले सगळे हसले. डॉरीन सगळ्यांत मोठ्याने हसली. पुतळा तिच्या वडिलांचा होता. गुरं हाकत अर्धा ऑस्ट्रेलिया पालथा घातलेला माणूस, पायाशी कुत्रा. अख्खा हिवाळा ती तो घडवत होती. छोटे पुतळे घडवणाऱ्यांच्या वॉगा वॉगाच्या या क्लबात ती नवीन. प्रदर्शनात मांडलेला हा तिचा पहिलाच.

“माझे हातच तसे,” ती म्हणाली. “बाबा म्हणायचेच, तुझे हात गाईंच्या कामाचे.” तिने हत्यारांची गुंडाळी टेबलावर ठेवली. “कुणाला हवी तर घ्या. दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेली सळीपण आहे. मी आता विणकाम करीन.”

पुट्टी जुनी होती, रॉस म्हणाला.

म्हणाला नाही. चहा ढवळला.

या पुट्टीच्या निळी आणि पिवळी, अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून पाकिटात असतात. कालवल्या की हिरवा गोळा होतो आणि काही तासांत त्याचा दगड. पण पाकिटातसुद्धा त्या जिथे भिडतात, तिथे हळूहळू कडक होत राहतात, उकाड्यात तर लवकरच. पाकीट जुनं असेल तर ती मधली रेघ कापून टाकायची, नाहीतर गोळ्यात कण्या राहतात. क्लबात हे सगळ्यांना माहीत. नव्या माणसाला मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

रॉसचं नवं पाकीट घरी फ्रीझरमध्ये होतं, मटारच्या पिशवीखाली. जुनं दोन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं, फेकायला काढलेलं. डॉरीन पहिल्यांदा आली त्या संध्याकाळी त्याने त्यातलं अर्धं सर्वांसमोर तिच्या हातावर ठेवलं होतं. “माझ्यातलंच अर्धं घे.” लोकांनी टेबलं बडवली. दिलदार रॉस! मधल्या रेघेचं सांगायचं तर पाकीट किती जुनं, तेही सांगावं लागलं असतं.

डॉरीन कोटाची बटणं लावू लागली.

“डॉरीन.”

“काय रे?”

“पुट्टी जुनी होती. तुझ्या हातांचा दोष नाही.”

“चल! मला बरं वाटावं म्हणून काहीही.” तिने त्याच्या दंडावर चापट मारली. “तुझीपण त्याच पाकिटातली ना? तुझा घोडेस्वार बघ. लोण्यासारखा.”

केव्ह खाता खाता थांबला.

रॉसने मान हलवली, होय म्हणून.

हलवली नाही.

“नव्हती,” तो म्हणाला.

“काय नव्हती?”

“त्या पाकिटातली. माझी नवी होती. तुला दिली ती मी फेकणार होतो.”

डॉरीनने वडिलांना उचललं, डोळ्यांजवळ नेलं, कण्यांवरून बोट फिरवलं. रॉस वाट बघत होता. तिने एखादी शिवी घातली असती तरी त्याला चाललं असतं.

तिने हत्यारांची गुंडाळी पिशवीत परत टाकली.

“केव्ह, नवी पुट्टी कुठे मिळते रे? उद्या नेशील का गाडीने?”

“नेतो की.”

“आणि वापरायच्या आधी काय काय बघायचं, तेही सांग वाटेत. सगळं सांग.”

पिशवी खांद्याला, वडील मुठीत. दाराच्या वाटेवर रॉस उभा होता. दुकानात अनोळखी माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली,

“जरा जाऊ द्याल?”

रॉस बाजूला झाला.