खिशाची चाचणी

दादाच्या सदऱ्याच्या खिशात मोडकी सिगरेट सापडली, तेव्हा वहिनी धाय मोकलून रडली आणि मी पट्टी आणायला गेले.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. घरात रडारड चालू असताना मोजमाप घेणारी बाई आहे मी. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात नमुने कापते, वीस वर्षं झाली. अर्ध्या मिलीमीटरवरून छपाईवाल्यांशी भांडते म्हणून तिथे मला 'मिलीमीटर' म्हणतात. घरी दादाने त्याचं 'मिली' केलं.

सिगरेटचे तीन तुकडे झाले होते. पहिला मोड फिल्टरपासून बावीस मिलीमीटरवर, दुसरा टोकाकडे, आणि बाकी सगळा तंबाखू खिशाच्या शिवणीत. दादा कुलूप-किल्लीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याचा ठेला आहे, आणि छातीवरच्या खिशात कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा, दोन बारीक कानशी आणि एक पेचकस कायम. त्यात भर म्हणून दिवसभर मशीनवर वाकून बसायचं. त्या खिशात लोखंडाखेरीज काही टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

सिगरेट सोडून त्याला अकरा दिवस झाले होते. सोडली कसली, सोडायला लावली. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सहा आठवडे एकही नाही. बेचाळिसाव्या दिवशी लघवी तपासणार. साफ आली तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. नाहीतर मी हात लावणार नाही, कारण तुमचं फुप्फुस टेबलावर दगा देईल. गाठ आज काढण्यासारखी आहे. उद्याचं मी सांगत नाही." त्या दिवसापासून वहिनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी एक फुली मारत होती.

अकराव्या दिवशी दादाला राहवलं नाही. ठेल्याशेजारच्या टपरीवरून त्याने एक सुटी सिगरेट घेतली, दुपारच्या चहानंतर ओढू म्हणून खिशात टाकली, आणि दुपारी बघतो तर किल्ल्यांनी तिची वाट लावलेली.

"देवच पावला," वहिनी डोळे पुसत म्हणाली.

"देव कसला, कोऱ्या किल्ल्या पावल्या," दादा म्हणाला. "मोडलेली दिसली आणि मन एकदम विटलं गं. दुसरी घ्यायला पाय उचललाच नाही."

हे वाक्य मी ऐकलं. या दोन कानांनी ऐकलं. पण माझ्या डोक्यात शिरलं ते वेगळंच, की असा खिसा शोधून सापडायचा नाही.

कारण त्याच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक काम दिलं होतं. एका कंपनीला एकाच सिगरेटची डबी हवी होती. लोक पाकीट घेत नाहीत, एकेक सुटी घेतात. टपरीवाला घामेजल्या बोटांनी काढून देतो, ती खिशात वाकते, ओली होते, फुटते, आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं. "एका सिगरेटला एक घर बांधून दे," साहेब म्हणाले. "पातळ, हलकं, आणि मजबूत."

मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू? भावाच्या छातीत गाठ असताना बहिणीला सिगरेटची डबी करायला आवडू नये, हे मलाही कळतं. पण पुठ्ठा हातात आला की मला दुसरं काही दिसत नाही. आधी गोल नळी केली. ती किल्लीच्या टोकाला चेपायची. चपटी घडी केली, ती सिगरेटसकट वाकायची. मग तिकोनी केली. तीन भिंती, चिकटवायला एक पट्टी, वर आत खोचायचं झाकण, आत मेणकागद. पुठ्ठ्याचे धागे उभे ठेवले तेव्हा अंगठ्याने दाबूनही ती हलेना. साहेबांनी टेबलावर ठेवून तिच्यावर जाडजूड फाईल टाकली, आणि उचलून बघितलं तर सिगरेट जशीच्या तशी.

राहिली खिशाची चाचणी. कंपनीची अट होती, दहा डब्या, दहा दिवस, खऱ्या खिशात. सकाळी क्रमांक टाकलेली सिगरेट द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची, आणि तीन रकाने भरायचे: वाक, ओल, चुरा. चुरा म्हणजे टोकातून गळलेले तंबाखूचे कण. वखारीतल्या तिघांना डब्या दिल्या. अकरा वाजेपर्यंत तिन्ही रिकाम्या, आणि वर तिघं विचारतात, अजून आहेत का? मग हिशेबनीस बाईंना दिली. त्यांनी ती दिवसभर अशी जपली जशी काही काचेची बांगडी. न ओढणाऱ्याचा खिसा खरा नाही आणि ओढणारा परत आणत नाही. ओढणाऱ्याचा खिसा असलेला, पण न ओढणारा माणूस हवा होता. असा माणूस माझ्या घरातच जेवत होता.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मी विषय काढला. वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"तुला वेड लागलंय का? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

"किल्ल्या तर माझ्याच हाती असतात," दादा हसत म्हणाला.

"वहिनी, ऐका तरी," मी म्हणाले. "प्रत्येक सिगरेटवर मी पेन्सिलने क्रमांक घालणार. संध्याकाळी तीच परत घेणार, मोजून, लिहून. उलट पहाराच राहील. रोज संध्याकाळी तुम्हाला लेखी कळेल, की आज ओढली नाही."

"विषाची परीक्षा कशाला बघायची पण?"

"अगं, एकोणतीस दिवस काढलेत मी," दादा म्हणाला. "आता ती खिशात काय, कानावर ठेवलीस तरी मला काही होत नाही. मिलीचं काम होऊ दे." माझ्यासाठी तो कशालाही हो म्हणायचा. लहानपणी माझ्या पतंगासाठी तो छपरावरून पडला होता, आणि पडल्यावर आधी पतंग फाटला का ते विचारलं होतं.

वहिनी शेवटी माझ्या शब्दावर गप्प बसली. दादाच्या शब्दावर ती बसली नसती.

पहिल्या संध्याकाळी त्याने डबी आणून टेबलावर ठेवली. मी कोऱ्या कागदावर उपडी केली. वाक शून्य, ओल नाही, चुरा तीन कण. दुसऱ्या दिवशी दोन कण. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन. मला ते तीन कण खुपले. झाकण किंचित सैल असणार, असं मी निदान केलं, आणि उरलेल्या सात डब्यांच्या झाकणाची जीभ अर्धा मिलीमीटर वाढवली.

चौथ्या दिवशी चुरा शून्य.

पाचव्या दिवशी शून्य, सहाव्या दिवशी शून्य, आणि दहाव्यापर्यंत शून्य. मी काय खूश झाले म्हणून सांगू! अर्धा मिलीमीटर, मी सगळ्यांना सांगत सुटले, फक्त अर्धा मिलीमीटर. साहेबांनी तक्ता कंपनीला पाठवला आणि आठवड्यात होकार आला. कुठलंही खोकं शून्य देत नाही, हे कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवते. शून्य दिसलं की काटा तपासा, माणूस तपासा, मग खोकं. स्वतःच्या डबीला शून्य आलं तेव्हा मी काही तपासलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बेचाळिसाव्या दिवशी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. वहिनीने ऑपरेशननंतर लागतील म्हणून टॉवेल, थर्मास, दादाची मऊ उशी, सगळं पिशवीत भरलं होतं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. कागद पुढे सरकवला.

"तुम्ही ओढताय," त्या म्हणाल्या. "उद्याचं ऑपरेशन मी रद्द करते आहे."

"काहीतरी चुकतंय तुमचं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "ते यंत्र चुकलं असेल. आमच्याकडे लेखी आहे!" आणि तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. माझ्या तक्त्याची प्रत होती. मला न विचारता तिने ती कधी ठेवून घेतली, मला ठाऊक नव्हतं. टेबलावर तिने तो उलगडून सरळ केला. "हे बघा. दहा दिवस, दहा सिगरेटी, सगळ्या मोजून परत आल्यात. हिने मोजल्यात. ही अर्धा मिलीमीटर सोडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचला. मीही वाचला, उलट्या बाजूने. तीन, दोन, तीन, आणि मग शून्य, शून्य, शून्य. इतका वेळ जे मी अभिमानाने बघत होते ते उलटं धरल्यावर मला वाचता आलं. चौथ्या दिवसापासून आलेली प्रत्येक सिगरेट नवी होती. खिशातून फिरलेलीच नव्हती.

"दादा," मी म्हणाले, "क्रमांक तर माझ्या अक्षरात होते."

"मिली, आयुष्यभर नकलाच करत आलोय मी," तो खाली बघत म्हणाला. "किल्ली काय, आकडा काय. घरी यायच्या आधी टपरीवरून नवी घ्यायचो आणि पेन्सिलने तस्सा आकडा घालायचो." मग त्याने वहिनीकडे बघितलं. "तीन दिवस नाही गं ओढली. शपथ. चौथ्या दिवशी म्हटलं, मोडली असेल, बघावं. मोडली असती तर फेकून दिली असती. काढली तर एकदम सरळ. नुकती दुकानातून घेतल्यासारखी." मग म्हणाला, "हिची डबी फार चांगली आहे. तिचा काही दोष नाही."

वहिनीने तक्त्याची पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मला ती काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

पुन्हा सहा आठवडे. नवं कॅलेंडर लावलं नाही, त्याच कॅलेंडरवर दुसऱ्या रंगाने फुल्या सुरू झाल्या. या वेळी दादाने खरंच एकही ओढली नाही. ठेल्यावर वहिनी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. तपासणी साफ आली. पण छातीचा नवा फोटो बघून डॉक्टरीणबाईंनी जुना फोटो काढून त्याच्या शेजारी धरला. गाठ मधल्या बाजूला वाढून मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. काढण्यासारखी राहिली नव्हती. किती दिवस, हे दादाने विचारलं. वर्ष धरू नका, असं त्या म्हणाल्या.

तोपर्यंत डबी बाजारात आली होती. दादाच्या ठेल्याशेजारच्या टपरीवर तिची माळच लटकायला लागली, लाल, तिकोनी, माझ्या मापाची. महिनाभराने मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, की चाचणी खोटी आहे, चौथ्या दिवसापासूनचे आकडे रद्द करा.

"डबी मोडते का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"तक्रार आली का?"

"नाही."

"मग तू कशाला नाकाने कांदे सोलतेस?" ते वाईट माणूस नाहीत. माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं, खरा आकडा आण. लावू फाईलला."

संध्याकाळी जेवताना मी कुणालाच उद्देशून नाही असं ते बोलून गेले. दादाने घास खाली ठेवला.

"दे इकडे," तो म्हणाला. "आता तरी खरा निकाल देतो तुला."

वहिनी उठून आत गेली. नको म्हणायलाही तिच्याकडे आता कारण नव्हतं. हेच मला सहन होत नव्हतं, की आता त्याने ती ओढली काय आणि नाही ओढली काय, सारखंच होतं.

सकाळी मी सिगरेटवर अकरा आकडा घातला, डबीत सरकवली, झाकण खोचलं आणि त्याच्या खिशात किल्ल्यांच्या मध्ये ठेवली. तो चार पावलं चालून दम खात, वहिनीच्या खांद्याला धरून ठेल्यावर गेला. दिवसभर कारखान्यात माझ्याकडून एकही रेघ सरळ कापली गेली नाही.

घरी आले तेव्हा तो आतल्या खोलीत आडवा झाला होता. वहिनी त्याच्या सदऱ्यातून डबी काढून घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. गेली नाही, उभी राहिली.

मी कागद पसरला. झाकण उघडलं. सिगरेट सरळ होती, पण कागदावर किल्ल्यांच्या तेलाचा बारीक डाग होता आणि आकडा घामाने पुसट झाला होता. माझाच आकडा. डबी उपडी केली, हलकेच टिचकी मारली.

"किती?" वहिनीने विचारलं. तीन महिन्यांत माझ्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द होता.

"तीन," मी म्हणाले.

तिने खाली वाकून ते तीन कण बघितले. मग खुर्चीत बसली आणि त्या पहिल्या दिवशीसारखीच रडायला लागली. आतून दादाने हाक मारली, "मिली, पास का गं?" माझं मोजून झालं होतं, लिहूनही झालं होतं. करायला आणखी काही उरलं नव्हतं, म्हणून मी त्याला 'पास' म्हणाले आणि वहिनीशेजारी बसून रडले.