गव्हाणीतून कधी काढलं?

डोळे मिटा म्हणालो तर तुम्ही पुढचं वाचणार कसं? म्हणून डोळे उघडे ठेवा आणि मनात एक चित्र आणा.

निघोजे गाव. गावाच्या कडेला पत्र्याचे गाळे, एकाला एक लागून. एका गाळ्यात लोखंडी पट्ट्या कापणारी प्रेस मशीन आहे. धाड. धाड. धाड. तिच्या शेजारच्या गाळ्यात सतरंज्या अंथरल्या आहेत, भिंतीवर लाकडी क्रूस आहे, कोपऱ्यात ढोलकी आहे. रविवारी इथे ख्रिस्ती मंडळींची उपासना भरते. पण कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी प्रार्थना आणि प्रेस दोन्ही एकदमच चालतात. पाळकसाहेब भिमाजी साळवे एक वाक्य बोलतात, धाड होईपर्यंत थांबतात, मग पुढचं बोलतात. आता घरी जेवायला बसल्यावरही ते असंच थांबून थांबून बोलतात, असं त्यांची बायको सांगते.

आता पुढच्या रांगेत बघा. लाल स्वेटर घातलेली नऊ वर्षांची मुलगी दिसते का? ती स्वरूपा. सगळे नाताळची गीतं गात आहेत आणि तिचे ओठ मिटलेले आहेत.

स्वरूपाला भाऊ झाला होता. पण तो फार लवकर आला. सातव्या महिन्यातच. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तुम्हीही मोठ्या माणसांना म्हणताना ऐकलं असेल, "बाळ काचेत ठेवलंय." आई, जयमाला, तिथेच होती. पप्पा, ज्योतीराम, महाळुंग्याच्या कंपनीत मालाची लाकडी खोकी गाडीत चढवायचे आणि शिफ्ट सुटली की थेट दवाखाना गाठायचे. लहान मुलांना तिथे आत सोडत नाहीत. स्वरूपाने भाऊ पाहिला होता तो पप्पांच्या मोबाइलवर. एवढासा. डोक्यावर टोपी, नाकात नळी, अंगावर काही नाही.

"पप्पा, त्याला बाळंतं का नाही गुंडाळलं?" तिने विचारलं होतं.

आईने जुन्या मऊ सुती साडीची किती तरी बाळंती फाडून, धुऊन, घडी करून ठेवली होती. ती सगळी घरी कपाटातच होती.

"काच आतून गरम असते, बेटा."

"मग बाहेर कधी काढणार?"

पप्पांनी मोबाइल खिशात ठेवला आणि जेवायला काय आहे ते बघायला उठले.

त्या रविवारी पाळकसाहेब प्रभूच्या जन्माविषयी बोलले. "मरियेला आणि योसेफाला कुठेच जागा मिळाली नाही, बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं." धाड. "तरी त्यांनी देवावर भरवसा ठेवला." धाड. "तुम्हीही ठेवा. तो सगळं नीट करील." धाड.

उपासनेनंतर नाताळच्या नाटकाची तालीम होती. तालीम घेणारी स्वप्नालीताई आयटीत नोकरी करते आणि मुलांना शिकवताना लॅपटॉपची बॅग खांद्यावरून उतरवत नाही. मेंढपाळ झालेला बंटी चादर गुंडाळून आला.

"ताई, मेंढपाळ रात्रभर जागे होते ना? म्हणजे नाइट शिफ्ट. मग त्यांना ओव्हरटाइम मिळाला का?"

"देवदूत दिसला तोच ओव्हरटाइम. काठी सरळ धर."

स्वरूपाचं काम छोटं होतं. मरिया होऊन यायचं, बाहुली गव्हाणीत ठेवायची आणि बाजूला बसायचं. गव्हाण म्हणजे काय, ठाऊक आहे ना? गोठ्यात गाईपुढे चारा टाकायची जागा. ही गव्हाण खरीखुरी होती. स्वरूपाच्या घरमालकीण कुशाबाईंनी गोठ्यातून काढून दिलेली, कंपनीच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून बनवलेली. एका फळीवर काळ्या शाईत पेल्याचं चित्र छापलेलं होतं. ते चित्र वाचायला स्वरूपाला पप्पांनी शिकवलं होतं. आत काच आहे, जपून उचला.

ती त्या चित्राकडे बघत उभी राहिली. बाहुली तिच्या हातातच.

"ठेव की," बंटी म्हणाला. "माझ्या मेंढरांना भूक लागली."

"मी नाही ठेवणार."

"अगं, का?" स्वप्नालीताईने विचारलं.

"एकदा ठेवलं की बाहेर काढत नाहीत."

बंटीने काठी खाली घेतली. पाळकसाहेब सतरंज्या गोळा करत होते, ते जवळ आले. स्वरूपाने त्यांनाच विचारलं, "येशूला गव्हाणीतून कधी काढलं?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. धाड झाली. त्यांनी हातातली सतरंजी खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ. बघून सांगतो."

तिने बाहुली स्वप्नालीताईच्या हातात दिली आणि चप्पल घालून निघून गेली.

पप्पा घरी नसले की स्वरूपा कुशाबाईंकडे असायची. कुशाबाईंची जमीन कंपन्यांच्या रस्त्यात गेली, पण गाय त्यांनी ठेवली होती. संध्याकाळी त्या धार काढत होत्या आणि स्वरूपा वासराची दोरी धरून उभी होती. गाईपुढे आता प्लॅस्टिकचं अर्धं पिंप ठेवलेलं होतं.

"तुमचा देव गोठ्यात जल्मला म्हनं," कुशाबाई म्हणाल्या. "बरं हाय. गोठ्यातलं त्याला कळत आसंल."

"आजी, गव्हाणीत कधी बाळ ठेवतात का? खरं सांगा."

"मानसाचं न्हाई ठेवत. करडू ठेवतो आमी. थंडीत शेळी व्याली अन् करडू आशक्त निघालं, की त्याला गव्हाणीत घालायचं."

"का?"

"खाली कडब्याची ऊब. अन् वरून गाय तोंड घालती ना चाऱ्याला, तिचा ऊन ऊन श्वास लागतो त्याला. जनावराला काय कळतंय आपलं का परक्याचं? ती श्वास सोडती, ह्याला ऊब मिळती."

"मग त्याला बाहेर कधी काढता?"

"आमी कशाला काढतो? पायात बळ आलं की आपसूक उडी मारतंय."

स्वरूपाने दोरी बोटाभोवती गुंडाळली. चरवीत दुधाची धार वाजत होती.

"सगळी मारतात?"

धारेचा आवाज थांबला. कुशाबाई खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. "न्हाई गं लेकी," त्या म्हणाल्या. "सगळी न्हाई मारत." मग पुन्हा धार काढू लागल्या.

त्या दिवशी पप्पा आले ते दारातच बसले, बूट न काढता. बाळाला आज श्वास घ्यायला जड जात होतं. डॉक्टर म्हणाले होते, बघू. एवढंच.

"पप्पा, प्रार्थना करायची?"

"तू कर."

"तुम्ही?"

"मी बसतो गं दवाखान्यात डोळे मिटून. पण शब्दच येत नाहीत. नुसता श्वास घेतो अन् सोडतो."

स्वरूपा त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. मग दोघं तसेच बसून राहिले.

नाताळ त्या वर्षी गुरुवारी आला. सकाळी सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि पप्पा चहा तसाच टाकून गेले. "आल्यावर सांगतो," एवढंच जाता जाता म्हणाले. स्वरूपाला उपासनेला कुशाबाई घेऊन आल्या. डोक्यावर पदर घेऊन त्या दारापाशी भिंतीला टेकून बसल्या. स्वरूपाने स्वेटरच्या आत काहीतरी धरलं होतं.

गाळ्यात शिरल्यावर प्रत्येकजण क्षणभर थबकत होता. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात यायचं की आज गुरुवार, प्रेस बंद आहे. कुणी खोकलं तरी सगळ्यांना ऐकू येत होतं.

पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. सवयीने पहिल्या वाक्यानंतर थांबले, आणि आवाज काही झाला नाही.

"एका मुलीने मला प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "येशूला गव्हाणीतून कधी काढलं? मी शास्त्र पुन्हा वाचलं. ते लिहिलेलं नाही. मेंढपाळ आले तेव्हा बाळ गव्हाणीत होतं. पुढे पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे तारा बघून निघालेले ज्ञानी, आले, तेव्हा बाळ घरात होतं, आईजवळ. म्हणजे मधल्या कुठल्यातरी दिवशी त्याला उचललं असणार. तो दिवस कुणी टिपून ठेवलेला नाही. आणि ज्या रात्री मरियेने त्याला तिथे ठेवलं, त्या रात्री तिलाही तो दिवस ठाऊक नव्हता."

ते थोडं थांबले, या वेळी प्रेससाठी नव्हे.

"रविवारी मी म्हणालो, भरवसा ठेवा, तो सगळं नीट करील. सगळं आपल्याला हवं तसं होईल, असं वचन मी देऊ शकत नाही. मला तेवढं दिसत नाही. मला जे दिसतं ते सांगतो. देवाने आपलं लेकरू राजाच्या वाड्यात ठेवलं नाही. चाऱ्यात ठेवलं, थंडीत, जिथे अशक्त जीव ठेवतात तिथे. म्हणून आपला हात जिथे पोचत नाही, आपल्याला जिथे आत सोडत नाहीत, तिथे तो आधीच आहे. मी यावर भरवसा ठेवतो. काही दिवशी ते जड जातं. तरी ठेवतो."

दारापाशी कुशाबाईंनी पदर सारखा केला.

मग ढोलकी वाजली, गीत झालं, आणि मुलं पुढे आली. बंटीने आज काठी सरळ धरली होती. स्वप्नालीताईने मरियेचं काम दुसऱ्या मुलीला, सायलीला, शिकवून ठेवलं होतं. सायली निळी ओढणी घेऊन तयार होती. पण गीत संपता संपता स्वरूपा उठली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मला दे."

सायलीने ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली. सायलीने बाहुली दिली.

स्वरूपाने स्वेटरच्या आतून घडी काढली. आईने फाडून ठेवलेलं मऊ बाळंतं. सकाळपासून अंगाशी धरल्यामुळे ते गरम झालं होतं. सतरंजीवर बसून तिने ते पसरलं, बाहुलीला त्यात नीट गुंडाळलं, टोक आत खोचलं. घाई केली नाही. सगळी मंडळी बघत होती आणि गाळ्यात इतकी शांतता होती की कापडाचा आवाज येत होता.

तेवढ्यात दारात पप्पा आले. पायात कंपनीचेच बूट. स्वरूपाने त्यांच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच विचारलं, आणि त्यांनी मान डोलावून सांगितलं, बाळ आहे. अजून काचेतच आहे, पण आहे. मग ते कुशाबाईंच्या शेजारी खाली बसले.

स्वरूपा गव्हाणीपाशी गेली. फळीवर पेल्याचं चित्र होतं. तिने जपून, दोन्ही हातांनी बाळाला कडब्यावर ठेवलं. हात काढून घेतले.

नाटकात इथे मरियेने बाजूला जाऊन बसायचं होतं. स्वरूपा गेली नाही. ती गुडघ्यांवर बसली, गव्हाणीच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकवली, तोंड आत घातलं, आणि त्या एवढ्याशा चेहऱ्यावर हळूहळू ऊन श्वास सोडू लागली.