तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसाठी

"उशी काढा," काकू म्हणाल्या. "उशीतसुद्धा वाजतंय."

लिफ्टकाकांनी बायकोच्या मानेखाली हात घालून उशी हळूच ओढून घेतली. खाली चौकात ड्रमवर काठी पडली की ठोका भिंतीतून वर चढायचा, पलंगाच्या लोखंडी दांड्यात शिरायचा आणि काकूंचा चेहरा दुमडायचा. आजार हाडांत उतरला होता. आता औषध नाही, फक्त शांत पडू द्या, असं डॉक्टर सांगून गेले होते. शांत! कानांत कापूस घातला तर टोचतो म्हणून त्यांनी तो काढून टाकला. मागच्या स्वयंपाकघरात न्यावं तर पलंग दारातून जात नव्हता, आणि त्यांना उचलायचं म्हणजे जीव घ्यायचाच.

"भावजी, खिडकी लावून घेऊ का?" धाकटीनं विचारलं. धाकटी म्हणजे काकूंची बहीण. मदतीला म्हणून आली होती आणि दुपारपासून निम्मा वेळ खिडकीला चिकटून होती.

"लावलेलीच आहे ती."

"अगंबाई! लावून एवढं ऐकू येतंय?"

शहरात त्या दिवशी गाण्यांची संध्याकाळ होती. चौकाचौकांत मंच, प्रत्येक मंचावर वेगळं काहीतरी, आणि सगळं फुकट. 'शहर गातंय' असे फलक आठवडाभर विजेच्या खांबांना लटकत होते. काकांना त्या दोन शब्दांचीसुद्धा शिसारी आली होती. गायला घसा लागतो. इथं नुसते काळे खोके होते, कपाटाएवढे, एकावर एक रचलेले, त्यांच्या खिडकीकडे तोंड करून.

काकांनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. वंगण, अंधार आणि वरून लोंबणारे दोर. लोकांना वर पोचवायचं आणि आपण जिन्यानं घरी यायचं. मूलबाळ नव्हतं, कुरकुरही नव्हती. कुणाच्या दारात काही मागायला उभं राहायची वेळ आली नाही, एवढीच काय ती त्यांची मिजास. आज त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

"कुठं निघालात?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"खाली सांगून येतो. माणसंच आहेत ना."

खाली माणसं होती, पण त्यांना तोंडं नव्हती, नुसत्या पाठी होत्या. काका एकेका पाठीला हात लावत, "जरा जाऊ द्या," म्हणत पुढे सरकले. पायाखाली प्लास्टिकचे पेले कचाकच फुटत होते. त्यांच्या जिन्याच्या भिंतीशी एक जण तोंड वर करून निवांत लघवी करत होता आणि गाण्याबरोबर मानही हलवत होता. पलीकडे पायरीवर एक पोरगी ओकत होती. तिची मैत्रीण एका हातानं तिचे केस धरून दुसऱ्या हातानं मंचाचं चित्रण करत होती. काकांचा पाय कशात तरी घसरला. कशात, ते त्यांनी पाहिलं नाही.

मंचाच्या बाजूला आवाज कमीजास्त करणारा माणूस बटणांच्या टेबलाशी बसला होता. कानांवर त्यानं हेडफोनची जाडजूड बोंडं चढवली होती. ज्याच्या हातात आवाज, त्याचेच कान झाकलेले. काकांनी त्याचा खांदा हलवला.

"वर माझी बायको आजारी आहे! शेवटचं आजारपण आहे! जरा कमी करा!"

त्यानं एक बोंड उचललं. "काय?"

काकांना ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं. बायको मरतेय हे त्यांनी आजवर कुणाला असं सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं तेही बोंब मारून.

"माझ्या हातात नाही, काका," तो म्हणाला. "मॅडमना विचारा. वाचनालयाकडे आहेत."

वाचनालयाच्या वाटेवर कारंज्यापाशी पितळी वाद्यांचा ताफा वाजत होता. गाल फुगवलेली, घामानं डबडबलेली माणसं. त्यांच्यासमोर एक म्हातारं जोडपं नाचत होतं. म्हातारीनं ओठ रंगवले होते, म्हातारा तिला गरगर फिरवत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. काकूंच्याच वयाची असेल. काकांच्या मनात आलं, पडावी ही. लगेच स्वतःचीच किळस आली आणि ते मान खाली घालून पुढे गेले.

वाचनालयात मात्र वेगळाच प्रकार होता. बाहेरचं दार बंद, आतलं दार बंद, मग जाड पडदा. आत एक बाई मोठंसं तंतुवाद्य गुडघ्यांत धरून त्यावर गज फिरवत होती. सूर इतका हळू येत होता की श्वास रोखून ऐकावा. पांढऱ्या केसांची, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं डोळे मिटून बसली होती. काका दोन पावलं चालले आणि ओली चप्पल चर्रकन वाजली.

"शूऽऽ!" चार-पाच जण एकदम म्हणाले.

काका जागच्या जागी थांबले. इथं चपलेचा आवाज चालत नव्हता. म्हणजे शांतता या शहरात होती. आणून, दारंखिडक्या लावून, नीट जपून ठेवली होती. त्यांना त्या मिटलेल्या डोळ्यांवर थुंकावंसं वाटलं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी भिंतीकडेनं गेले.

आयोजिका बाई मागच्या ओळीत उभ्या होत्या. चाळिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, चेहरा दमलेला पण भला. त्यांनी काकांना बाहेर नेलं, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

"माझी आईसुद्धा अशीच गेली, काका. आम्ही काहीतरी नक्की करतो. कुठली खिडकी तुमची?"

"तिसरा मजला. हिरवा पडदा आहे."

"काकूंना गाणी आवडतात?"

"आवडायची की. पोळ्या लाटताना गुणगुणायची."

बाईंनी लगेच फोन लावला. काकांनी हात जोडले. फार दिवसांनी कुणीतरी त्यांचं पुरतं ऐकून घेतलं होतं. परत येताना कारंज्यापाशी तो ताफा त्यांना तितकासा वाईट वाटला नाही.

चौकाच्या तोंडाशी पोचले आणि आवाज थांबला. एकदम, दोर तुटल्यासारखा. हजार पाठी स्तब्ध. काका विजेच्या खांबाला टेकले. सांगितलं की ऐकतात. माणसंच आहेत.

मग भोंग्यातून गायकाचा आवाज आला. "मित्रांनो, वर बघा! तिसरा मजला, हिरवा पडदा. तिथं एक काकू आहेत. खूप आजारी आहेत. काका आत्ता आपल्याला भेटायला आले होते."

"आऽऽ," गर्दी हळहळली.

"काकूंना गाणी फार आवडतात! काढा मोबाइल, लावा दिवे! काकू, हे तुमच्यासाठी! आवाज वरपर्यंत पोचला पाहिजे!"

आणि पोचला. आधी होता त्याच्या दुप्पट. हजार दिवे खिडकीकडे वळले. हिरवा पडदा बाजूला झाला आणि धाकटी दिसली. पदर सावरून ती हात हलवत होती.

काका जिना कसे चढले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दिवे वळले तेव्हा धाकटी काकूंचे कपडे बदलत होती आणि मध्येच खिडकीशी धावली होती. काकू तशाच, अंगावर अर्धी चादर, आणि छतावर हजार दिव्यांचा उजेड नाचतोय.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी गेले का?"

"नाही गं."

"मग एवढी माणसं कशाला जमलीत?"

काकांनी पडदा ओढला, चादर नीट केली.

"किती माया आहे हो लोकांना!" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मी सगळं टिपून घेतलंय फोनमध्ये."

"पूस ते."

"अहो पण..."

"पूस म्हणतो ना!"

काकांनी जमिनीवरची गादी उचलली आणि खिडकीला उभी लावून वर टेबल रेटलं. फरक काहीच पडला नाही. ते न्हाणीत गेले, चपला धुतल्या, पाय धुतले, हात धुतले, पुन्हा धुतले. वास जाईना.

दारावरची घंटा वाजली. आयोजिका बाई होत्या. हातात फुलांचा हा मोठा गुच्छ आणि मागे कॅमेरावाला.

"काका, खाली लोक अक्षरशः रडताहेत! दोनच मिनिटं. काकूंच्या हातात फुलं देऊ आणि एक फोटो..."

"मी तुमच्याकडे काय मागितलं होतं?" काकांनी विचारलं.

"काका, तसं पूर्ण थांबवता येत नाही, म्हणून आम्ही विचार केला की..."

"काय मागितलं होतं?"

कॅमेरावाल्यानं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला होता. काकांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला बाहेर सारलं. मग बाईंना म्हणाले, "तुम्ही या. एकट्या."

त्यांनी बाईंना पलंगाशी नेलं. "दांड्यावर हात ठेवा."

बाईंनी ठेवला. खाली ठोका पडला. बाईंची बोटं थरथरली आणि त्याच वेळी काकूंचा चेहरा दुमडला. पुन्हा ठोका. पुन्हा चेहरा. बाईंनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

काकूंनी डोळे उघडले. घरात परकं माणूस पाहून त्यांनी उघडा खांदा चादरीखाली घेतला. एवढंच करायला त्यांना दम लागला.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "धाकटे, पाहुण्यांना पाणी दे. चहा टाक." मग गुच्छाकडे पाहून, "छान आहेत फुलं. कुणाकडे कार्य आहे का?"

गुच्छ कुठं ठेवावा ते बाईंना कळेना. तो तसाच छातीशी धरून त्या जिन्याकडे गेल्या. "बघते मी," असं काहीतरी पुटपुटल्या.

खरंच एक गाणं जरा हळू झालं. मग होतं तसंच सुरू झालं.

"गोड मुलगी आहे," काकू म्हणाल्या. "चहा न घेताच गेली."

धाकटी स्वयंपाकघरात भांडी इकडची तिकडे करत राहिली, बाहेर आली नाही. काका पलंगाच्या उशाशी बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे काकूंच्या कानांवर दाबून धरले. काकूंनी सुस्कारा सोडला. त्या डोळे उघडे ठेवून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

आणि काका शिव्या द्यायला लागले. लिफ्टच्या खड्ड्यात, बोटं चेमटल्यावर, जोडीदारांबरोबर दिलेल्या त्या शिव्या. लग्नानंतर घरात कधीच, एकदाही न दिलेल्या. त्यांनी त्या गायकाला दिल्या, बटणवाल्याला दिल्या, मिटल्या डोळ्यांच्या माणसांना, फुलांना, डॉक्टरांना, हाडांत शिरलेल्या त्या रोगाला आयमाय काढून दिल्या. एकेक सावकाश, स्पष्ट, मनापासून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेवढ्यासाठी हात काढता येत नव्हता.

काकूंना ऐकू काहीच येत नव्हतं, त्या नुसत्या त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी मान हलवली.

"हो," त्या हळूच म्हणाल्या. "माहीत आहे मला."