एका वायफायचे दोन मालक

कळमन्याच्या त्या शीतगृहात अमोनियाच्या मशिनघरात शिरण्याआधी मशीन सांभाळणारे नत्थूभाऊ रोज ऑफिसच्या खिडकीखाली येऊन विचारायचे, "भूमिका, जाऊ का वं?" ऑफिसात पावत्या करणारी भूमिका कॉम्प्युटरवर तिथल्या हवेतल्या अमोनियाचा आकडा बघून सांगायची, "जा गा, भाऊ." तीस वर्षांत त्यांचं नाक पार कामातून गेलं होतं, गळतीचा वास येत नसे आणि डोळे झोंबेपर्यंत उशीर व्हायचा. भरवसा सगळा तिच्या शब्दावर.

आकडा मशिनघरातल्या सेन्सरकडून वायफायवरून यायचा. कॉम्प्युटर लिनक्सचा, त्यावर वायफाय आपोआप जोडणारा एक प्रोग्राम होताच, आणि चांगला चालत होता. दिवाळीत मालकांचे, म्हणजे बापूजींचे, जावई आले आणि हौसेनं तसलाच दुसरा बसवून गेले. झालं! एकानं वायफाय धरलं की दुसरा ते तोडून स्वतः धरायला बघे. या ओढाताणीत जोडणी तुटायची आणि पडद्यावर जुनाच आकडा हिरवागार बसून राहायचा. भूमिका रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की जावयांचा प्रोग्राम गुपचूप बंद करायची.

काल बापूजींनी तिला पकडलं. "जावयानं बसवलं ते काहून बंद करते वं?"

"बापूजी, दोघं भांडून राहिले आतमध्ये..."

"तू त्याच्याहून जास्त शिकली का? हात नाही लावायचा!"

चार हमालांदेखत. तिच्या फार जिव्हारी लागलं. म्हणून आज तिनं खरंच हात लावला नाही. बघू दे म्हातार्‍याला जावयाची करामत, दुपारी करू बंद.

काटोलच्या संत्र्यांच्या पावत्या करता करता दुपार झाली. खिडकीखालून हाक आली. तिनं पडद्याकडे नजर टाकली. हिरवा.

"जा गा, भाऊ."

मग आकड्याखाली, तो शेवटचा कधी आला ती वेळ दिसली. दहा चाळीस. भिंतीवर बारा वाजून गेले होते. तिनं घाईघाईनं जावयांचा प्रोग्राम बंद केला. वायफाय जुळलं, आणि तीनच्या जागी चारशे दहा उमटले, लालभडक.

"नत्थूभाऊ! बाहेर या!" ती ओरडत धावली. ओसरीतच डोळे जळू लागले. आत मशीन घरघरत होतं. ओ कुणी दिली नाही.

हमालांनी तोंडाला ओले दुपट्टे बांधून नत्थूभाऊंना ओढत बाहेर आणलं. ते हलत नव्हते.

बापूजी धापा टाकत आले. "कोणं जाऊ दिलं यायले?"

हमाल जावयांचं नाव घेतील या आशेनं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते नत्थूभाऊंच्या डोळ्यांवर पाणी ओतत होते.

"मीच म्हटलं, जा," भूमिका म्हणाली.