चौदावं परीक्षण

चौदा परीक्षणं तुंबली होती. नऊ छापील पुस्तकं, पाच ऑडिओबुकं. चूक माझीच, पण त्यावरून मला कुणी बोललेलं खपत नाही, हेही सांगून ठेवते. संपादकबाई बोलल्याच. "शनिवारी पाचला अंक छापायला जातो. चौदाच्या चौदा हवीत. एक जरी कमी पडलं तर सदर दुसऱ्या कुणाला देते." सात वर्षं चालवलेलं सदर. नोकरी काय, पोटासाठी करते. माझं म्हणावं असं एवढंच होतं.

मग कंबर कसली. पुस्तकं उशाशी, ऑडिओबुकं कानात. भांडी घासताना, चालताना, केस विंचरताना. नवरा काही विचारायला आला की मी हात वर करायची. शेवटी तो चिठ्ठ्या लिहायला लागला. "मीठ कुठे आहे?" ही चिठ्ठी मी खूण म्हणून पुस्तकात घातली आणि मिठाचं सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी दुपारी तीनला चौदावं पाठवलं आणि आईला फोन लावला. आईला आता अक्षर दिसत नाही. ती पुस्तकं ऐकते. प्रत्येक परीक्षण आधी तिला वाचून दाखवायचं आणि मग पाठवायचं, ही आमची जुनी पद्धत. या वेळी सवडच मिळाली नव्हती, म्हणून पाठवल्यावर वाचून दाखवलं.

चौदावं होतं एका निवृत्त शिक्षकाच्या पहिल्याच ऑडिओबुकाचं. मी त्यांना चांगलंच झोडपलं होतं. "बस चुकेल म्हणून पळत सुटल्यासारखं वाचन. श्वास नाही, विराम नाही. वयाला शोभेल असा संथपणा यांनी आधी शिकून घ्यावा."

आई म्हणाली, "अगं, हेच ऐकतेय मी परवापासून. छान वाचतात की. शेजारी बसून सांगितल्यासारखं. पान उलटलेलंसुद्धा ऐकू येतं."

"दुसरं असेल कुठलं तरी."

"माझे डोळे गेलेत, कान नाही," आई म्हणाली.

मी फोन ठेवला आणि ॲप उघडलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: वेग, दुप्पट. पहिल्याच दिवशी घाईघाईत मीच तो वाढवला होता, आणि कान इतका सरावला की साफ विसरले. पाचही तशीच ऐकली होती. बाकीचे चौघे मुळातच रेंगाळत वाचणारे असणार. त्यांची मी "चपळ वाचन" म्हणून पाठ थोपटली होती.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते मास्तर अंक उघडणार, चष्मा पुसून वाचणार आणि परत माईकसमोर बसणार नाहीत. त्यांना मी पाहिलेलंही नाही, तरी ते डोळ्यांसमोरून हलेनात. संपादकबाईंना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. साडेतीन, चार, सव्वाचार. घाईत एकदा चुकून नवऱ्यालाच लागला.

साडेचारला बाईंनी उचलला.

"शेवटचं काढा. मी ते दुप्पट वेगानं ऐकलं."

"आणि बाकीची चार?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "तीही."

"म्हणजे पाचही काढायला लागतील. मी काय म्हटलं होतं, लक्षात आहे ना?"

"आहे."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ओरडल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

आईला परत फोन केला. सदर गेलं म्हणून सांगताना रडायलाच आलं. माझं रडून झाल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, ते मास्तर तरी वाचले. मी निम्म्यावर आलेय. ती थोरली बहीण शेवटी घरी परत येते का गं? येत नसेल तर मी पुढे ऐकत नाही."

कालच संपवलं होतं मी ते पुस्तक. सांगायला तोंड उघडलं, पण थोरली बहीण कोण, तेच मला आठवेना.