मोजा घातलेली घंटा

मित्रांनो, मी दारावरची एक जुनी पितळी घंटा आहे. बाहेरून साखळी ओढली की आत मी खणखणते. मला ओतणारा कारागीर टिचकी मारून म्हणाला होता, हिचा आवाज माडीपर्यंत जाईल. गेलाही.

या घरात पूर्वी दोन भाऊ राहायचे. साखळी ओढून पळायचे आणि आईची बोलणी खायचे. मोठेपणी त्यांनी बँड काढला, त्या खोडीवर गाणं रचलं, आणि ते जगभर गाजलं. माझं नशीब उघडलं म्हणा किंवा फुटलं म्हणा. लांबलांबून माणसं घर बघायला येऊ लागली. फोटो काढायची, साखळी ओढायची आणि गाण्यातल्यासारखी पळायची. पन्नाशीची, टक्कल पडलेली माणसंसुद्धा.

आता इथे शिवणकाम करणाऱ्या एक आजी राहतात. आजोबा माडीवर, नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. मी वाजले की आजी दुखरा गुडघा धरून जिना उतरायच्या. दारात कोणी नसायचं.

एका दुपारी अशा कितव्यांदा तरी उतरल्या, तेव्हा त्यांचा संयम संपला. आजोबांचा लोकरी मोजा त्यांनी माझ्या लोलकावर चढवला आणि दोऱ्याने आवळला. शिवणारीची गाठ ती, सुटते कशाला! नवा सिलिंडर यायचा होता. तो आणणाऱ्याला खिडकीतून बघू, असं त्यांनी ठरवलं. आजोबांची झोप मोडू नये म्हणून फोनचाही आवाज बंद केलेला, आणि तो खाली शिलाई मशीनवरच राहिला.

वर आजोबांना धाप लागली. त्यांनी आजींचा हात असा धरला, की आजींना खिडकीशी जाता येईना.

सिलिंडरवाल्याने साखळी ओढली. मी जीव तोडून आपटले. नुसतं धप्प. त्याने फोन लावला. आजींचा फोन मशीनवर थरथरत राहिला. तेवढ्यात एक टकलू काका साखळी ओढायला आले. सिलिंडरवाला त्यांच्यावरच वैतागला. "आजी कधी आजोबांना सोडून कुठे जात नाहीत, तरी दार उघडत नाहीत, आणि मला अजून तीन घरं गाठायचीत," म्हणाला.

काकांचा चेहरा उतरला. "मागच्या बोळात कोळशाच्या खोलीची खिडकी आहे. तिची कडी लागत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"त्या भावांच्या दुसऱ्या गाण्यात आहे."

"अहो, गाण्यात काहीही असतं."

पण काका धावले होते. कडी खरंच लागत नव्हती. कोळशाने माखून त्यांनी आतून दार उघडलं, आणि दोघांनी सिलिंडर वर नेला.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब शांतता ती. शेवटी आजोबा खोकले, आणि पाठोपाठ आजी म्हणाल्या, "त्या काळ्या पायांनी पलंगापाशी येऊ नका हं."

खाली येऊन त्यांनी मोजा कापून काढला. काका दाराबाहेर ओशाळून उभे होते. साखळीला हात लावायची त्यांना हिंमत होईना.

"ओढा," आजी म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."

त्यांनी हलकेच एकदा ओढली. पळाले नाहीत.

मित्रांनो, गाणं आवडलं म्हणून घर आपलं होत नाही. मला खुशाल वाजवा. पण वाजवलीत, तर दार उघडेपर्यंत थांबा.